'निवड आधीच झालीये' की 'निवड आपल्या हातात'? कृपेचा हा गुंता स्वतः कसा सोडवायला घ्यायचा

देव सार्वभौम आहे, त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात पश्चात्ताप कर, विश्वास ठेव, निर्णय तुझा आहे. हे दोन्ही एकाच प्रवचनात ऐकून ज्यांचं डोकं गरगरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोण बरोबर कोण चूक याचा निकाल इथे लागणार नाही, पंधराशे वर्षं भल्याभल्यांकडून लागला नाहीये, पण वाद नेमका कशाबद्दल आहे, कुठली वचनं कुठल्या क्रमाने वाचायची आणि कुणी छातीठोकपणे काही सांगायला लागला तर त्याला कुठे थांबवून विचारायचं, एवढं नक्की जमतं. बायबल आणि एक वही घेऊन बसा. मोबाईलवरचं बायबल चालेल, पण रोमकरांस पत्र वाचताना कागदाचंच बरं पडतं, सारखं मागेपुढे बघावं लागतं.

आधी खोटं भांडण बाजूला काढा

बहुतेकांची सुरुवातच इथे फसते. एका बाजूला 'सगळं देव करतो' वाले, दुसऱ्या बाजूला 'सगळं माणूस करतो' वाले, अशा दोन टीम आहेत असं समजून लोक वाचायला बसतात. यातली दुसरी टीम मैदानात नाहीचे. ती होती, पेलाजियसची, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की देवाने आज्ञा दिलीये म्हणजे ती पाळायची ताकद माणसात असणारच, नाहीतर आज्ञा कशाला दिली असती. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याच्यावर तुटून पडला, कार्थेजच्या सभेने ४१८ मध्ये ही शिकवण नाकारली, इफिसच्या सभेने ४३१ मध्ये त्यावर पुन्हा शिक्का मारला. त्यानंतर मधला मार्ग काढणारे आले, की बाबा कृपा, म्हणजे देवाने आपणहून दिलेली मदत, लागते हे मान्य पण पहिलं पाऊल तरी माणसाचं असू दे. ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने तेही नाकारलं आणि सांगितलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. त्याच सभेने हेही ठणकावलं की देव कुणाला वाईटासाठी नेमतो असं कुणी म्हणत असेल तर ते आम्हाला मंजूर नाही.

म्हणजे आज कॅथलिक असो, लूथरन असो, रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या वाटेने जाणारे) असो, मेथडिस्ट (वेस्लीच्या वाटेने जाणारे) असो, तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, सुरुवात देवाच्या कृपेने होते यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि ऑर्थोडॉक्स चर्च पश्चिमेकडच्या या सभांच्या भाषेत बोलत नसलं तरी कृपेशिवाय तारण असं तेही म्हणत नाही. म्हणून कुणी आर्मिनियन, म्हणजे डच धर्मपंडित आर्मिनियसला मानणाऱ्या, माणसाला 'तू स्वतःच्या कर्माने तारण कमावतोस' म्हणालं की समजायचं याने दुसऱ्या बाजूचं वाचलेलंच नाही. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये नेदरलँड्समध्ये जी पाच कलमं मांडली त्यातलं तिसरंच सांगतं की माणूस आपल्या बळावर काही चांगलं करणं सोडा, त्याचा विचारही करू शकत नाही. आणि उलट, रिफॉर्म्ड माणसाला 'तुमचा देव माणसांचे रोबो करतो' म्हणणंही तेवढंच पोकळ, कारण त्यांच्याच वेस्टमिन्स्टरच्या विश्वासनाम्यात, म्हणजे १६४६ सालच्या, देवाने सगळं ठरवलंय हे सांगताना त्याच वाक्यात लिहिलंय की त्यामुळे माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. ते कसं जमतं हा पुढचा प्रश्न, पण ते काय म्हणतात हे तरी नीट सांगा.

मग एकच प्रश्न धरून ठेवा

वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहा: दोन माणसांनी एकच सुवार्ता (येशूबद्दलचा संदेश) ऐकली, एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने नाही, तर फरक कुठून आला?

बस, एवढाच. कुठलाही लेख, कुठलंही प्रवचन, कुठलाही व्हिडिओ असू दे, हा प्रश्न त्याला विचारायचा. उत्तर मिळालं की दुसरं काम, या उत्तराचं घोडं कुठे पेंड खातं ते शोधायचं, कारण ते कुठेतरी खातंच. ज्याला वाटतं आपलं खात नाही त्याने अजून पुरेसं वाचलेलं नसतं.

रिफॉर्म्ड उत्तर सरळ आहे, फरक देवाच्या निवडीतून, म्हणजे कुणाला वाचवायचं हे त्याने आधीच ठरवण्यातून, आला. ज्याचं हृदय देवाने उघडलं त्याने विश्वास ठेवला. प्रेषितांची कृत्ये १६:१४ मध्ये लुदिया पौलाचं ऐकते ते प्रभूने तिचं अंतःकरण उघडल्यामुळे, आणि १३:४८ मध्ये ज्यांना अनंतकाळच्या जीवनासाठी नेमलं होतं त्यांनी विश्वास ठेवला असा क्रम येतो, उलटा नाही. छान. पण मग १ तीमथ्य २:४ मध्ये सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे असं आहे, यहेज्केल ३३:११ मध्ये दुष्टाच्या मरणात मला आनंद नाही असं तो स्वतः म्हणतो. हृदय उघडणं त्याच्याच हातात असेल तर सगळ्यांचं का नाही उघडलं? इथे रिफॉर्म्ड लेखक देवाच्या इच्छेचे दोन पदर मानतात, एक त्याने प्रकट केलेली आणि एक गुप्त. पटलं तर पटलं, पण अडचण इथे आहे हे वहीत टिपा.

आर्मिनियन आणि वेस्लीच्या परंपरेतलं उत्तर असं, की देव आधीच पुढे होऊन प्रत्येकाला एवढी कृपा देतो की पापाने बांधलेली त्याची इच्छा 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याइतकी मोकळी होते. मग जो नाकारतो तो कृपेलाच नाकारतो. मत्तय २३:३७ मध्ये येशू यरुशलेमसाठी कळवळतो की किती वेळा तुझ्या लेकरांना जवळ घ्यावं असं मला वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती. स्तेफन कृत्ये ७:५१ मध्ये ऐकणाऱ्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही पवित्र आत्म्याला नेहमी विरोध करता. हेही छान. पण मग १ करिंथ ४:७ आडवं येतं, तुझ्याकडे असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? कृपा दोघांना सारखीच मिळाली तर 'हो' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यापेक्षा जास्तीचं काय होतं आणि ते कुठून आलं? याच वचनावर ऑगस्टीनचं स्वतःचं मत फिरलं, ३९६ च्या आसपास, म्हणजे पेलाजियसचा वाद पेटायच्या आधीच. तोवर तो विश्वास हा आपल्या बाजूचा वाटा मानत होता.

लूथरन उत्तर लोकांना चीटिंग वाटतं. १५७७ च्या त्यांच्या विश्वासनाम्यात असं, की माणूस वाचला तर पूर्ण श्रेय देवाच्या निवडीचं, नाश पावला तर पूर्ण दोष माणसाचा, आणि या दोघांमधली फट बुजवायला जाऊ नका. लॉजिक सरळ पुढे न्यायचं म्हटलं तर दोन्हीपैकी एक सोडावं लागतं, ते दोन्ही सोडत नाहीत. माझा कल विचाराल तर इथेच आहे, मला हे उत्तर अर्धवट असूनही बायबलच्या सगळ्यात जवळचं वाटतं. पण याचं घोडं अगदी भर चौकात पेंड खातं हेही कबूल.

कॅथलिक चर्चमध्ये तर दोन्ही बाजू एकाच छपराखाली आहेत. ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्ये सांगितलं की आधी कृपा येते, मग माणूस मोकळेपणाने तिला होकार देतो आणि सहकार्य करतो. पण हे सहकार्य नेमकं कसं यावर डोमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांची जुंपली. मोलिना नावाच्या जेझुइटने १५८८ मध्ये मांडलं की कुठल्या परिस्थितीत कोण काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असतं आणि त्यानुसार तो जग रचतो. बान्येझसारखे डोमिनिकन म्हणाले की असं म्हणणं म्हणजे देवाला माणसाच्या निर्णयाची वाट बघायला लावणं. रोममध्ये १५९८ पासून सुनावण्या झाल्या, पोप बदलले, शेवटी १६०७ मध्ये पाचव्या पॉलने निकाल न देताच दोघांना घरी पाठवलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही अशी ताकीद दिली. तो निकाल आजतागायत आलेला नाही.

ऑर्थोडॉक्स मंडळींना मुळात हा प्रश्नच असा विचारलेला आवडत नाही, ते देव आणि माणूस यांच्या सोबत काम करण्याबद्दल बोलतात, आणि कॅल्विनच्या पद्धतीची पूर्वनियुक्ती त्यांनी १६७२ मध्ये यरुशलेमच्या सभेत नाकारली.

रोमकर ९ एकटं वाचायचं नाही

हा या सगळ्या वादाचा आखाडा. आणि जवळपास प्रत्येक जण इथे नवव्या अध्यायात शिरतो, कुंभार आणि मातीच्या गोळ्याच्या उदाहरणापर्यंत जातो आणि पुस्तक मिटतो. असं करू नका. ९, १० आणि ११ एका बैठकीत वाचा, मध्ये चहाला उठायचं नाही. जमल्यास त्याआधी १ ते ८. हा सल्ला माझा नाही, मार्टिन ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत वाचकाला हाच क्रम घालून दिलाय, की आधी पाप आणि ख्रिस्त यांच्याशी झोंबा, मग आठव्या अध्यायातल्या दुःखातून जा, आणि मगच निवडीच्या गोष्टीकडे या, नाहीतर झेपणार नाही. गंमत म्हणजे कॅल्विननेही, ज्याच्या नावावर हे सगळं खपतं, आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत हा विषय देवाबद्दलच्या पहिल्या भागात नाही ठेवला, तिसऱ्या भागात ठेवला, प्रार्थनेच्या लांबलचक प्रकरणानंतर.

आता वाचायचं कसं. ९:११ ला पेन्सिलने खूण करा: याकोब आणि एसाव जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलंही नव्हतं, तेव्हाच रिबेकेला सांगितलं गेलं. मग ९:१४ आणि ९:१९ ला खूण करा, तिथे पौल स्वतःच वाचकाच्या तोंडचे आक्षेप घेतो: देवाकडे अन्याय आहे का? आणि मग तो दोष तरी का देतो? इथे एक कसोटी वापरता येते आणि ती मला फार कामाची वाटते. तुम्ही नवव्या अध्यायाचा जो काही अर्थ लावलाय तो ऐकून कुणालाही 'मग हा अन्याय नाही का' असं विचारावंसंच वाटत नसेल तर तुमचा अर्थ पौलापेक्षा जास्त गोड झालाय. 'देवाने आधीच बघितलं कोण विश्वास ठेवणार आणि त्यांना निवडलं', एवढ्यावर कोण कशाला आक्षेप घेईल? रिफॉर्म्ड वाचक या मुद्द्यावर बरोबर बोट ठेवतात.

पण लगेच निकाल देऊ नका. ९:१३ मधलं याकोबावर प्रीती आणि एसावाचा द्वेष हे मलाखी १ मधून घेतलंय, ते उघडून बघा, तिथे विषय दोन माणसांचा नाही, इस्राएल आणि अदोम या दोन राष्ट्रांचा आहे. उत्पत्ती २५:२३ मध्येसुद्धा रिबेकेला तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत असंच सांगितलंय. मग पौल इथे एकेका माणसाच्या तारणाबद्दल बोलतोय की देवाने आपल्या कामासाठी कुठली प्रजा वापरली याबद्दल? पुढे वाचा. ९:३२ मध्ये इस्राएल अडखळला तो विश्वासाने न चालल्यामुळे. १०:१३ मध्ये जो कोणी प्रभूचं नाव घेईल त्याचं तारण होईल. १०:२१ मध्ये देव दिवसभर हात पसरून उभा आहे. ११:२० मध्ये झाडाच्या फांद्या, म्हणजे इस्राएलमधले लोक, तोडल्या त्या अविश्वासामुळे, आणि ११:२३ मध्ये त्यांनी अविश्वास सोडला तर पुन्हा कलम होतील. आणि ११:३२ तर दोन्ही बाजूंना बुचकळ्यात टाकतं, देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. एवढं सगळं सांगून पौल शेवटी सूत्र मांडत नाही, स्तुती करायला लागतो.

फारोसाठी, म्हणजे पौल उल्लेख करतो त्या मिसरच्या राजासाठी, मात्र निर्गम उघडावंच लागतं, नुसत्या ९:१७-१८ वर भागत नाही. वहीत दोन रकाने करा, देवाने फारोचं मन कठीण केलं आणि फारोने स्वतःचं मन कठीण केलं, आणि ४ ते १४ अध्याय वाचत वाचत वचनं भरत जा. ८:१५ आणि ८:३२ मध्ये फारो स्वतः करतो. ९:१२ मध्ये परमेश्वर करतो. ९:३४ मध्ये पुन्हा फारो, आणि त्याच्या लगेच पुढे १०:१ मध्ये देव म्हणतो मीच केलंय. आर्मिनियन म्हणेल बघा, आधी फारोने सुरुवात केली. रिफॉर्म्ड म्हणेल थांब, ४:२१ मध्ये मोशे मिसरात पोचायच्या आधीच देव सांगतोय की मी त्याचं मन कठीण करणार आहे. रकाने भरून झाले की कळतं की निर्गम लिहिणाऱ्याला या दोन वाक्यांमध्ये काही भांडण दिसतच नव्हतं.

नशिबाशी गल्लत होते ती इथे सोडवा

आपल्याकडे 'आधीच ठरलंय' म्हटलं की माणूस लगेच कपाळावर लिहिलेलं, सटवाईने लिहिलेलं, असं समजतो आणि मग म्हणतो की तसं असेल तर प्रार्थना कशाला, सुवार्ता कशाला, हातपाय कशाला हलवायचे. यावर मोठमोठी पुस्तकं वाचण्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये २७ वाचा, एकच अध्याय आहे.

पौल कैदी आहे, जहाज वादळात सापडलंय, जहाजावर २७६ माणसं. पौल सगळ्यांना सांगतो की देवाचा दूत रात्री माझ्याजवळ उभा होता, तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही, फक्त जहाज जाईल. म्हणजे देवाने ठरवलंय, शब्द दिलाय, विषय संपला. पण चौदाव्या रात्री खलाशी पुढून नांगर टाकतोय असं दाखवून हळूच होडी पाण्यात सोडतात, पळून जायचा बेत. तेव्हा हाच पौल शताधिपतीला म्हणतो की ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई दोर कापून टाकतात, होडी वाहून जाते. शेवटी कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, कुणी जहाजाच्या तुकड्यांवर, सगळे किनाऱ्याला लागतात. २७:२४ आणि २७:३१ शेजारी शेजारी लिहून बघा. नशीब असतं तर खलाशी पळाले काय आणि राहिले काय, काही फरक पडला नसता. इथे देवाने शेवट ठरवला तसे मधले दोर कापणारे हातही त्याच ठरवण्यात धरले, असं रिफॉर्म्ड वाचक म्हणेल. आर्मिनियन वाचक म्हणेल 'राहिली नाहीत तर' यातला 'तर' खरा आहे, नाटकी नाही. दोघांनाही हे मान्य की हातावर हात ठेवून बसायचं लायसन्स यातून मिळत नाही.

इतिहासही तेच सांगतो. विल्यम केरी हा निवड मानणाऱ्या बॅप्टिस्ट गटातला, आणि १७९२ मध्ये परदेशी मिशन उभं करायला त्यानेच जोर लावला. जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनवादी होता आणि उघड्या मैदानात प्रचंड गर्दीपुढे 'या' म्हणून गळा फाटेस्तोवर प्रवचनं द्यायचा. जॉन वेस्लीने १७३९ मध्ये निवडीच्या शिकवणीविरुद्ध जहाल प्रवचन दिलं, व्हाइटफील्डने त्याला उत्तर छापलं, चांगलं वाजलं दोघांचं. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लीने दिलं.

कुणी घाबरून विचारत असेल तर

हे वाद घालणाऱ्यांसाठी नाही. एखादा माणूस खरंच रात्र रात्र जागून 'मी निवडलेल्यांत नसेन तर?' असं विचारतोय, त्याच्यासमोर रोमकर ९ उघडू नका, प्लीज. आणि तुमची बाजू कुठली हेही त्याला सांगत बसू नका. कडक समजल्या जाणाऱ्या कॅल्विनचासुद्धा सल्ला असा होता की आपली निवड देवाच्या गुप्त ठरावात डोकावून शोधायची नाही, ख्रिस्ताकडे बघायचं, तोच आरसा. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने, जिने आर्मिनियनांची पाच कलमं खोडून काढली, तिनेही वेगळं कलम घालून लिहिलं की ज्यांना अजून विश्वास पक्का जाणवत नाही पण ओढ आहे त्यांनी निवडीचं नाव ऐकून घाबरू नये, नेहमीप्रमाणे वचन, प्रार्थना, मंडळी सोडू नये. योहान ६:३७ वाचून दाखवा, पहिला भाग निवडीसारखा वाटतो, दुसरा भाग असा की जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही. त्याला दुसऱ्या भागाची गरज आहे, तिथेच थांबा.

पुढचं तुम्ही करायचं

आत्तापर्यंतचं सगळं सुरुवातीबद्दल होतं, विश्वास येतो कसा. राहिलेला अर्धा वाद असा की एकदा आलेला विश्वास सुटू शकतो का. यात गंमत अशी की १६१० च्या पाच कलमांत आर्मिनियनांनी यावर ठाम भूमिका घेतलीच नव्हती, शास्त्र आणखी तपासून बघावं लागेल एवढंच म्हटलं होतं, ठाम व्हायचं नंतर सुरू झालं. लूथरन तर निवड मानूनही विश्वास गमावता येतो असं म्हणतात, म्हणजे कॅल्विन-आर्मिनियस अशा दोन खणांत हा प्रश्न बसतच नाही.

तर वहीचं नवीन पान घ्या, डावीकडे योहान १०:२७-२९ लिहा, उजवीकडे इब्री ६:४-६, आणि खाली फिलिप्पै २:१२-१३, जिथे भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या आणि कारण देवच तुमच्यात काम करतो, हे दोन्ही एकाच दमात येतं. प्रश्न तोच ठेवायचा, थोडा बदलून: दोघे चालायला लागले, एक टिकला, एक सोडून गेला, फरक कुठून आला? प्रत्येक उत्तराखाली त्याचं घोडं कुठे अडतं ते लिहायचं, आणि सुरुवात तुम्हाला जे उत्तर आवडतं त्यापासून करायची.